दया नको, दाद हवी
(अपंग कलावंत व त्यांची प्रदर्शने : एक अभ्यास)

घुग्घुस हे कोळशाचे व सिमेंटचे गाव. खाणीत, कारखान्यात किंवा रस्त्यावरच्या अपघातात हात-पाय गमावलेला माणूस आपल्याला परका नाही. अपंगत्व उद्या कोणाच्याही उंबरठ्यावर येऊ शकते. म्हणून अपंग कलावंतांच्या प्रदर्शनांकडे कसे पाहावे, हा विषय आम्ही विद्यार्थ्यांपुढे ठेवीत आहोत.

अशी प्रदर्शने दोन प्रकारची असतात. एकात अपंग व्यक्तीने केलेली कलाकृती मांडलेली असते. दुसऱ्यात अपंगत्व हा विषय असतो. पण पुष्कळदा चित्र काढणारा धडधाकट आणि अपंग माणूस केवळ चित्रातला केविलवाणा चेहरा असतो. पहिल्यात तो कर्ता असतो, दुसऱ्यात दयेचा विषय. हा फरक प्रथम ध्यानात घ्यावा.

याचे मोठे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. बाबा आमटे (१९१४-२००८) यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन केली व वरोऱ्याजवळ आनंदवन उभे केले. कुष्ठरोगात मज्जातंतू बधिर होतात. भाजले, कापले तरी कळत नाही. जखमा चिघळून बोटे आखूड होतात. अशा हातांनी तेथे कापड विणले, सतरंज्या केल्या, शुभेच्छापत्रे रंगविली. ज्या हाताचे पाणीसुद्धा लोक घेत नसत, त्या हाताची वस्तू लोक पैसे देऊन घरी नेऊ लागले. शंभर भाषणांनी झाले नसते ते काम या वस्तूंनी केले. २००२ साली विकास आमटे यांच्या पुढाकाराने ‘स्वरानंदवन’ हा वाद्यवृंद निघाला व अंध, मूकबधिर, अपंग कलावंत रंगमंचावर आले.

कुष्ठरोग औषधाने पूर्ण बरा होतो. तरीही तो घटस्फोटाचे कारण म्हणून कायद्यात होता; ती तरतूद २०१९ साली रद्द झाली. रोग शरीरातून जातो, पण समाजाच्या मनातून लवकर जात नाही. अस्पृश्यतेचे चटके सोसलेल्या आपल्या समाजाला हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

देशातील आणखी दोन नावे विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावीत. शांतिनिकेतनचे विनोदबिहारी मुखर्जी यांची दृष्टी १९५७ साली शस्त्रक्रियेनंतर गेली. त्यानंतरही ते कागद कापून व चिकटवून चित्रे करीत राहिले. बोटांनी डोळ्यांचे काम केले. त्यांच्यावर सत्यजित राय यांनी १९७२ साली माहितीपट काढला. सतीश गुजराल यांची श्रवणशक्ती लहानपणीच गेली. त्यांनी मुंबईच्या जे. जे. कला शाळेत शिक्षण घेतले व पुढे चित्रकार, शिल्पकार व वास्तुरचनाकार म्हणून नाव मिळविले. १९९९ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले.

मेक्सिकोच्या फ्रिडा काहलो यांचा १९२५ साली बसच्या अपघातात कणा मोडला. स्वतःची वेदना त्यांनी स्वतःच रंगविली. १९५३ साली मायदेशातील त्यांच्या पहिल्या स्वतंत्र प्रदर्शनाच्या वेळी त्यांना उठवत नव्हते. तेव्हा त्यांचा पलंगच दालनात मांडला गेला आणि त्या रुग्णवाहिकेतून तेथे आल्या. विषयही त्यांचा, कुंचलाही त्यांचा!

आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांना मान्यता दिली. त्याच्या २९ व्या कलमात दिव्यांग कलावंत व लेखकांना साहाय्य देण्याची आणि कला त्यांच्या आवाक्यात आणण्याची तरतूद आहे. म्हणजे कला ही त्यांच्यावर केलेली मेहेरबानी नसून तो त्यांचा हक्क आहे.

मग आपण काय करावे? वस्तीत लहानसे प्रदर्शन भरविणे कठीण नाही. त्यासाठी काही पथ्ये पाळावीत. दाराला पायऱ्यांसोबत उतरण असावी. चित्रे खुर्चीत बसलेल्यालाही दिसतील अशा उंचीवर लावावीत. अंधांसाठी हाताने चाचपता येतील अशा वस्तू ठेवाव्यात. चित्राखाली कलावंताचे नाव आधी लिहावे. व्यंगाचा उल्लेख त्याची इच्छा असेल तरच करावा. किंमत त्यानेच ठरवावी, आणि चित्र आवडले तरच घ्यावे. ‘बिचाऱ्याला मदत’ म्हणून घेतलेले चित्र कपाटात पडते. आवडलेले चित्र भिंतीवर लागते.

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या वर्गात एखादा असा मित्र असेल, तर त्याला आधी वही आणि रंग द्या. त्याने काय काढले ते नीट पाहा, चुकले असेल तर चुकले म्हणा आणि साधले असेल तर मोकळ्या मनाने दाद द्या. समतेचा धडा येथूनच सुरू होतो.