शहरी कचऱ्याचे खत : शेतात उतरविण्यापूर्वीची पारख

तुळजापूर तालुक्यातील जळकोट हे गाव सोलापूर-हैदराबाद महामार्गावर वसलेले आहे. सोलापुरात सकाळी भरलेली मालमोटार येथे दुपारपूर्वी सहज येऊन पोचते. त्यामुळे आडमार्गावरील गावांपुढे सहसा न येणारा एक प्रश्न येथील शेतकऱ्यापुढे उभा राहतो. गोठ्यातील जनावरे कमी झाली, शेणखत महाग व दुर्मिळ झाले. आणि जवळच्या शहरात मात्र दररोज शेकडो टन कचरा साठत असतो. त्या कचऱ्यापासून तयार झालेले खत घ्यावे काय? घ्यावयाचे तर कशी पारख करून, व किती?

जुन्या पिढीला हा व्यवहार नवा नाही. नगरपालिकांचे सोनखत बैलगाड्यांतून आसपासच्या मळ्यांत जात असे. डॉ. सी. एन. आचार्य यांनी १९३९ च्या सुमारास बंगलोर येथील भारतीय विज्ञान संस्थेत शहरी केरकचरा व मैला यांचे थर खंदकात रचून खत करण्याची पद्धत बसविली. ‘अधिक धान्य पिकवा’ मोहिमेच्या काळात तिचा अनेक नगरपालिकांत प्रसार झाला. पण त्या वेळचा शहरी कचरा म्हणजे चुलीची राख, पालापाचोळा, भाज्यांचे देठ, जनावरांचे शेण आणि झाडलोटीची माती. तो कुजला की खत झाला, असे म्हणण्यास हरकत नव्हती. आजच्या कचऱ्यात प्लॅस्टिकच्या पिशव्या, फुटलेल्या बाटल्या, विजेऱ्यांचे सेल, औषधांची वेष्टने व रंगांचे डबेही असतात. यांतील काहीही कुजत नाही. म्हणून आजोबांनी सोनखत वापरले एवढ्या आधारावर नातवाने आजचा कचरा शेतात पसरू नये.

हा कचरा निवडण्याचे काम आता यंत्रांकडे आले आहे. सोलापूर शहराच्या कचऱ्यापासून वायू, वीज व खत निर्माण करण्याचा प्रकल्प ऑरगॅनिक रिसायकलिंग सिस्टिम्स या कंपनीने आपल्या सोलापूर बायो-एनर्जी सिस्टिम्स या उपकंपनीमार्फत उभारला. दररोज ४०० टन कचरा हाताळण्याची व ३ मेगावॅट वीज निर्माण करण्याची क्षमता धरून त्याची आखणी झाली होती. अशा प्रकल्पात आलेला कचरा प्रथम फिरत्या जाळीदार पिंपांतून चाळला जातो. लोखंड चुंबकाने ओढून घेतले जाते. कागद, चिंध्या व प्लॅस्टिक हे हलके पदार्थ वेगळे पडतात. उरलेला ओला भाग बंद टाक्यांत हवेविना कुजविला जातो. उष्णताप्रिय जिवाणूंची पद्धत असल्यास टाकीतील तापमान सुमारे ५५ अंश सेल्सिअस राखतात. मिळणाऱ्या वायूवर इंजिन चालवून वीज काढतात, आणि टाकीतून बाहेर पडलेला गाळ निथळवून, हवेत मुरवून व चाळून त्याचे खत करतात.

येथे शेतकऱ्याची एक शंका हटकून पुढे येते : वायू काढून घेतल्यावर खतात उरते काय? गोबरगॅसच्या वेळीही हीच शंका घरोघर विचारली गेली होती. तिचे उत्तर सोपे आहे. जळणारा वायू कर्ब व हायड्रोजन यांचा बनलेला असतो. त्याबरोबर निघणाऱ्या दुसऱ्या वायूत कर्ब व प्राणवायू असतात. नत्र, स्फुरद व पालाश ही द्रव्ये वायूबरोबर जात नाहीत. ती गाळात राहतात. गाळ उन्हात उघडा वाळविल्यास मात्र नत्राचा काही भाग अमोनियाच्या रूपाने उडून जातो. म्हणून तो सावलीत मुरविणे चांगले.

खरी अडचण वायूची नसून निवडीची आहे. ओला व सुका कचरा घरातच एकत्र झाला, गाडीत दाबला गेला आणि बाटल्यांचा चुरा झाला, की यंत्राचे कौशल्य तोकडे पडते. खत ४ मिलिमीटरच्या चाळणीतून जावे असा दंडक आहे. परंतु ३ मिलिमीटरची काचही त्याच चाळणीतून सुखाने खाली उतरते. फुटलेल्या सेलमधून पाझरलेले विष तर कोणतीच चाळणी अडवीत नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका व घरगुती घातक कचरा घरीच वेगळा ठेवण्याची सक्ती केली, तिचे कारण हेच होय. शहरातील गृहिणीच्या दोन डब्यांवर जळकोटच्या रानाचे आरोग्य अवलंबून आहे, ही गोष्ट शहरात फारशी कोणाच्या ध्यानी येत नाही.

खताचा कायदा व त्यातील प्रमाणे

शहरी कंपोस्ट हे खत नियंत्रण आदेश, १९८५ खाली येते. त्यात नत्र किमान ०.८ टक्के, स्फुरद व पालाश प्रत्येकी किमान ०.४ टक्के आणि सेंद्रिय कर्ब किमान १२ टक्के असावा लागतो. कर्ब व नत्र यांचे गुणोत्तर २० पेक्षा कमी असावे, ओलावा १५ ते २५ टक्के असावा. जड धातूंची मर्यादाही ठरविलेली आहे : एका किलोत शिसे १०० मिलिग्रॅम, कॅडमियम ५ मिलिग्रॅम आणि पारा ०.१५ मिलिग्रॅम यांहून अधिक चालत नाही. महाराष्ट्र शासनाने २०१७ मध्ये नागरी संस्थांच्या खतासाठी ‘हरित महासिटी कंपोस्ट’ ही मुद्रा काढली, तीही प्रमाणात उतरणाऱ्या खतासाठीच.

आता हिशेब पाहावा. १० टन खतात किमान प्रमाणाने ८० किलो नत्र येते. ४५ किलोच्या युरियाच्या पोत्यात सुमारे २०.७ किलो नत्र असते. म्हणजे ही सारी मालमोटार नत्राच्या दृष्टीने चार पोत्यांहून कमीच. शिवाय तिच्यातील नत्र पिकास एका हंगामात पूर्ण मिळत नाही. केवळ नत्रासाठी शहरातून खत आणणे हा आतबट्ट्याचा व्यवहार ठरेल. परंतु त्याच १० टनांत १,२०० किलो सेंद्रिय कर्ब असतो, आणि तो युरियाच्या एकाही पोत्यात मिळत नाही. हलक्या व मध्यम जमिनीत पाणी धरून ठेवण्याचे काम सेंद्रिय द्रव्य करते. पावसाची ओढ बसणाऱ्या या भागात सोयाबीन व तूर यांना त्याचाच उपयोग अधिक होतो.

मालमोटार रिकामी करण्यापूर्वी

खत घेताना पिशवीवरील मजकूर, पक्की पावती आणि त्या खेपेचा प्रयोगशाळेचा अहवाल मागून घ्यावा. अहवाल नसल्यास जड धातूंविषयी शेतकऱ्यास काहीच कळू शकत नाही. कारण शिसे डोळ्यास दिसत नाही व कॅडमियमला वास नसतो. पालेभाज्या कॅडमियम चटकन शोषून घेतात. म्हणून अहवालाविना आलेले खत भाजीपाल्याच्या रानात तर मुळीच टाकू नये.

इतर परीक्षा मात्र गावातच होण्यासारख्या आहेत. माती परीक्षणासाठी नमुना घेण्याची रीत ग्रामसेवकांस व कृषी सहाय्यकांस ठाऊक आहेच. त्याच रीतीने ढिगाच्या दहा ठिकाणांहून, वरचा थर बाजूस सारून, थोडे थोडे खत घ्यावे, एकत्र कालवावे आणि चौथाई पद्धतीने कमी करीत आणावे. त्यांतील एक किलो तोलून कागदावर पातळ पसरावे व दोन-तीन दिवस उन्हात वाळवावे. वजन २५० ग्रॅमहून अधिक घटल्यास खतात पाणी जास्त आहे, यात संशय नाही. १० टन मालात २५ टक्के ओलावा असता कोरडा माल साडेसात टन भरतो. ४५ टक्के असता साडेपाचच टन. मधले दोन टन पाणी शेतकरी भाडे भरून आणीत असतो.

वाळलेल्या खतातील काच, प्लॅस्टिक, तारा व खडे वेचून तोलावेत. उरलेले खत बादलीभर पाण्यात ढवळले असता हलके प्लॅस्टिक तरंगते, आणि काचेचे बारीक तुकडे वाळूबरोबर तळाशी बसतात. किलोमागे केवळ १० ग्रॅम असा कचरा निघाला, तरी एकरी ५ टन खतातून ५० किलो काच-प्लॅस्टिक एका एकरात पडेल. दरवर्षी खत टाकल्यास दरवर्षी तेवढीच भर. बैलाच्या खुरात, खुरपणाऱ्या बाईच्या बोटांत ती काच शिरते, आणि जमिनीतून ती परत काढण्याचे अवजार अद्याप कोणी बनविलेले नाही.

खत मुरले आहे की नाही, हे पाहण्यासाठी मूठभर खत ओलसर करून घट्ट बांधलेल्या पिशवीत दोन-तीन दिवस ठेवावे. उघडताच कुबट घाण आल्यास ते कच्चे आहे. मातीचा वास आल्यास ठीक. दुसरी परीक्षा मुगाची. एका कुंडीत नुसती माती आणि दुसरीत माती व खत यांचे मिश्रण भरून प्रत्येकीत वीस दाणे टोचावेत. चार-पाच दिवसांत दुसऱ्या कुंडीतील उगवण कमी दिसल्यास खत कच्चे किंवा खारट आहे असे समजावे. रोपे पुढे पिवळी पडल्यास कच्चेपणाचा संशय बळावतो : कुजण्याचे काम चालूच असते, व जिवाणू पिकाच्या तोंडचे नत्र आपणाकडे ओढून घेतात. विहिरीचे पाणी आधीच मचूळ असेल तर खारटपणाकडे द्राक्षबागाईतदारांनी विशेष लक्ष द्यावे.

गावचा स्वतःचा उकिरडा

शहराच्या खताची एवढी उठाठेव करीत असता बांधावर सोयाबीनचा भुसा पेटविला जावा, हे विसंगत होय. यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे यांनी बसविलेली नाडेप पद्धत या भागास सोयीची आहे. १० फूट लांब, ६ फूट रुंद व ३ फूट उंच असे विटांचे टाके बांधून भिंतींत हवेसाठी झरोके ठेवावयाचे. त्यात सुमारे १,४०० ते १,५०० किलो काडीकचरा, ९० ते १०० किलो शेण व १,७५० किलो चाळलेली माती पाणी शिंपीत थराथराने भरून वरून शेणमातीने लिंपावयाचे. तीन ते चार महिन्यांत सुमारे तीन टन खत मिळते. शेण थोडे लागते, हा तिचा मोठा गुण. पाचट, भुसा व बारीक केलेल्या तुराट्या त्यात खपतात. गावातील घरांचा ओला कचराही चालतो, परंतु पिशव्या, ब्लेड व सेल वेगळे काढूनच. शहराला लावलेला नियम गावालाही लागू आहे.

शहरी खत घेण्याचे ठरल्यास पहिल्या वर्षी सर्व रानात ते पसरू नये. एकरी ५ टनांच्या मानाने गुंठ्यास १२५ किलो होतात. तेवढे खत एका गुंठ्यात पेरणीपूर्वी कुळवाने मातीत मिसळावे आणि शेजारचा एक गुंठा खताविना राखावा. दोन्हींत एकच वाण, एकाच दिवशी पेरावा. पावसाने उघडीप दिली की दोन्ही गुंठ्यांतील पिके दुपारी केव्हा माना टाकतात, ते पाहून लिहून ठेवावे. पहिल्या मोठ्या पावसानंतर वाफसा येताच खताच्या गुंठ्यात वर उघडी पडलेली काच व प्लॅस्टिक वेचून, तोलून, तीही त्याच वहीत नोंदवावी. पुढील खेप मागविण्यापूर्वी ती वही ग्रामसेवकासमोर उघडावी.