झोपेची तपासणी कोठे करावी?

बियाण्याची पिशवी घेताना आपण आधी टॅग पाहतो. निळा टॅग प्रमाणित बियाण्याचा, पांढरा पायाभूत बियाण्याचा, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. पण दवाखान्याच्या पायरीशी आलो की ही चौकस बुद्धी आपण चपलांबरोबर बाहेर ठेवतो.

घोरणाऱ्याला गाढ झोप लागली आहे असे आपण समजतो. काहींचा श्वास मात्र घोरता घोरता दहा सेकंद किंवा त्याहून अधिक काळ अडतो, रक्तातील प्राणवायू घटतो आणि मेंदू दचकून जागा होतो. रात्रभर हेच चालते. सकाळी काही आठवत नाही. पण दिवसा ट्रॅक्टरवर डुलकी लागते, रक्तदाब गोळ्यांना दाद देत नाही. याला ‘स्लीप ॲप्निया’ म्हणतात.

आमच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याने हैदराबादेत एके ठिकाणी ही तपासणी केली. बोटाला आणि नाकाला यंत्र लावून रात्रभर निजवले. आठ तासांत श्वास ९६ वेळा अडला, म्हणजे तासाला १२. ‘सौम्य आहे, काळजी नको’, असे सांगण्यात आले. पण नव्या जागी त्यांना अर्धी रात्र झोपच आली नव्हती! मेंदूची नोंद घेतली नसल्यामुळे यंत्राने जागेपणही झोपेत धरले. झोपेच्या चार तासांनी भागले तर आकडा २४ होतो. तासाला १५ पर्यंत सौम्य, ३० पर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र. अहवालाखाली कोणा डॉक्टरची सहीदेखील नव्हती. घरी करायची लहान तपासणी वाईट नाही. मात्र ती कोणाला पुरेल आणि तिचा अर्थ काय, हे जाणकारानेच ठरवावे.

पूर्ण तपासणीत मेंदू, डोळे, हनुवटी, हृदय, श्वास, छाती, पोट, पाय या सर्वांची नोंद होते. तंत्रज्ञ रात्रभर जागा असतो. निसटलेली तार तो पुन्हा लावतो. मग रात्रीचे तीस-तीस सेकंदांचे तुकडे करून प्रत्येक तुकडा वाचला जातो.

हे काम नीट होते की नाही, हे बाहेरच्या कोणीतरी येऊन पाहणे म्हणजेच मान्यता. अमेरिकेत झोपेच्या केंद्रांना अशी वेगळी मान्यता १९७७ पासून मिळते. आपल्याकडे भारतीय गुणवत्ता परिषदेचे एन.ए.बी.एच. मंडळ इस्पितळे तपासते. पण ते संपूर्ण इस्पितळाकडे पाहते. म्हणून दारावरची पाटी पाहून भुलू नये. मान्यतेच्या सेवांत झोपेची प्रयोगशाळा आहे का, मुदत संपली आहे का, मान्यता पूर्ण आहे की केवळ प्रवेश पातळीची, हे विचारावे. टॅगवरची तारीख आपण वाचतोच की!

शिवाय डॉक्टरांचा वैद्यकीय परिषदेतील नोंदणी क्रमांक, रात्री कोण बसणार आणि अहवाल कोण वाचणार, हेही विचारावे. तपासणी करणाराच श्वासाचे यंत्र त्याच दिवशी घ्या म्हणू लागला, तर अहवाल हातात घेऊन दुसऱ्या डॉक्टरांना दाखवावा. यंत्र हजारो रुपयांचे असते. मात्र खरोखर गरज असेल तर ते टाळू नये.

तपासणीला जाताना डोक्याला तेल लावू नये, तारा चिकटत नाहीत. त्या दिवशी दुपारी झोपू नये, दुपारनंतर चहा घेऊ नये. नेहमीच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत.