डॉमिनोवरील मेल टेम्प्लेट बदलण्यापूर्वी

डॉमिनो सर्व्हरवर प्रत्येक वापरकर्त्याचा मेल स्वतंत्र डेटाबेस फाइलमध्ये साठवला जातो आणि पत्रांबरोबरच ती दाखवणारे फॉर्म, याद्या व बटणे, म्हणजेच डिझाइन, याच फाइलमध्ये असते. हे डिझाइन टेम्प्लेट नावाच्या नमुना-फाइलमधून येते; मेल फाइलमध्ये टेम्प्लेटचे नाव नोंदलेले असते आणि सर्व्हरवरचा ‘डिझाइन’ हा कार्यक्रम, वेळ बदललेली नसल्यास, रोज रात्री 1 वाजता त्या नावाचे टेम्प्लेट शोधून त्यातील बदल मेल फाइलमध्ये उतरवतो.

टेम्प्लेट बदलल्याने पत्रे नष्ट होत नाहीत, आणि नेमक्या याच खात्रीमुळे प्रशासक गाफील राहतात. एखाद्या विभागासाठी मूळ टेम्प्लेटमध्येच मंजुरीचे बटण जोडलेले असेल आणि नव्या आवृत्तीबरोबर त्याच नावाची फाइल आली, तर ते बटण निमूटपणे नाहीसे होते. म्हणून आपल्या सोयीने बदललेल्या टेम्प्लेटला फाइलचे आणि टेम्प्लेटचे अशी दोन्ही नावे वेगळी द्यावीत. अनेक मेल फाइलींचे टेम्प्लेट एकदम बदलणाऱ्या ‘कन्व्हर्ट’ या आज्ञेत जुन्या टेम्प्लेटच्या नावाच्या जागी तारांकन दिले, तर ‘कोणतेही टेम्प्लेट’ असा त्याचा अर्थ होऊन वेगळे ठेवलेले डिझाइनही बदलले जाते. तेथे जुने नाव स्पष्ट लिहिणेच श्रेयस्कर.

क्रमही महत्त्वाचा आहे: आधी सर्व्हर, मग वापरकर्त्यांच्या संगणकांवरील ‘नोट्स’ हा मेल वाचण्याचा प्रोग्राम आणि शेवटी टेम्प्लेट, कारण नव्या डिझाइनमधील काही सोयी जुन्या नोट्सला पेलत नाहीत. ‘कन्व्हर्ट’ चालवण्यापूर्वी पत्रे पोहोचवणारा ‘राउटर’ थांबवावा, फाइलींचा बॅकअप घ्यावा आणि परतीची वाट म्हणून जुने टेम्प्लेट जपून ठेवावे. वापरकर्त्यांनी स्वतः तयार केलेल्या फोल्डरना डिझाइनची वेगळी प्रत असल्याने, त्यांच्या सुधारणेचा पर्याय आज्ञेत न दिल्यास इनबॉक्स नवा आणि फोल्डर जुने अशी विसंगती उरते.

प्रथम मोजक्या मेल फाइलींवर चाचणी घ्यावी, व त्यांत दुसऱ्याचे कॅलेंडर सांभाळणारे स्वीय सहायक आणि ब्राउझरमधून मेल वाचणारे कर्मचारी अवश्य असावेत. या चाचणीचा निर्वाळा त्याच संध्याकाळी देऊ नये. रात्रीचा ‘डिझाइन’ कार्यक्रम एकदा चालून गेल्यावरही नवे रूप टिकले, तरच उरलेल्या फाइलींना हात लावावा.