लोणारचं तळं आणि आपली काळी जमीन



मराठवाड्याची शीव ओलांडली की बुलढाणा जिल्ह्यात लोणार लागतं. देवदर्शनाला, नाहीतर पोरांच्या सहलीबरोबर तिथं जाऊन आलेले आपल्यात पुष्कळ निघतील. दैत्यसूदनाचं देऊळ पाहायचं, धारेवर हातपाय धुवायचे, तळ्यावर वरूनच नजर टाकायची आणि परत फिरायचं, असं बहुतेकांचं होतं. आम्हीही दोनदा तेच केलं. तिसऱ्या खेपेला मात्र खाली काठापर्यंत उतरलो. तिथं जे दिसलं ते ऊस लावणाऱ्याने समजून घ्यावं असं आहे, म्हणून या अंकाचा पाठ लोणारचा.

लवणासुराची कथा सर्वांना ठाऊक आहेच. शास्त्रज्ञ सांगतात की आभाळातून आलेली उल्का इथल्या काळ्या खडकावर आदळली आणि सुमारे 1.8 किलोमीटर रुंद, दीडशे मीटर खोल खड्डा पडला. धक्क्याने वितळलेल्या खडकाची काच सापडली, तेव्हा 1973 साली ही गोष्ट पक्की झाली. वय आधी पन्नास हजार वर्षांच्या आसपास धरत; नंतर प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ते सुमारे 5 लाख 70 हजार वर्षं निघालं. जगात अशी विवरं आहेत, पण काळ्या बेसाल्ट खडकात पडून इतकं चांगलं टिकलेलं क्वचितच.

आता पाण्याचं बघा. वरून येणारी धार गोड, पावसाचं पाणी गोड, आणि तळं मात्र खारं! काठाजवळ सासू-सुनेची विहीर आहे. तिच्या एका अंगाचं पाणी गोड, दुसऱ्या अंगाचं खारं, असं लोक सांगतात. मग गोड पाण्याचं खारं होतं कसं? गुऱ्हाळ आठवा. काहिलीत रस आटतो, पाण्याची वाफ होऊन जाते, गूळ मागे राहतो. लोणारचं तळं म्हणजे बिनचुलीची काहील. पाणी आत येतं, पण बाहेर जायला ओढा नाही. खडक झिजून आलेले क्षार पाण्याबरोबर येतात, ऊन पाणी उडवून नेतं, क्षार तिथंच साठतात. त्यातला चुना आधी खाली बसतो आणि पाण्यात सोडा उरतो. आपल्या घरातल्या पापडखाराच्याच जातीचा. पूर्वी लोक तो काढून साबण आणि काचेसाठी विकत. पाण्याचा सामू दहाच्या आसपास. साध्या पाण्याचा सात धरतात.

अशा पाण्यात कटला-रोहू टिकायचे नाहीत. पण तळं मेलेलं नाही हो. पाण्याला हिरवी झाक असते ती स्पिरुलिना नावाच्या बारीक शेवाळाची. शहरात त्याच्याच गोळ्या करून विकतात. जून 2020 मध्ये, टाळेबंदीच्या दिवसांत, तेच हिरवं तळं गुलाबी झालं. कोणी शकुन म्हणालं, कोणी अपशकुन. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले, तेव्हा खार सोसणारे, रंग धरणारे सूक्ष्म जीव निघाले. उन्हाने पाणी कमी झालं, खार वाढला आणि त्यांचं फावलं. ते जीव तळाशी बसल्यावर नमुन्याचं पाणी निवळून पांढरं झालं. वर काठाच्या झाडीत मोर, वानरं, घोरपडी. पाण्याच्या कडेला शेकाटे आणि थंडीत परदेशी बदकं. रामसर यादीत हे तळं 2020 साली आलं. तिथल्या नोंदीत पक्ष्यांच्या 160 जाती आहेत.

हे सगळे जीव पिढ्यान्पिढ्या खाराशी जमवून घेत आलेले. उसाला ते जमत नाही. आणि बंधूंनो, लोणारात लाखो वर्षं जे चाललं आहे, ते आपल्या सखल वावरात पंधरा-वीस वर्षांत होऊ शकतं. काळी जमीन भारी, निचरा कमी. पाटाने भरपूर पाणी सोडायचं, वर बोअरचं क्षारयुक्त पाणी द्यायचं, आणि चर मात्र बुजवून टाकायचे! मग जमीन चिबड होते, पाणी वर चढतं, ऊन ते उडवतं आणि उन्हाळ्यात सरीच्या माथ्यावर पांढरं फुटतं. ते पांढरं नुसतं मीठ असेल तर जमीन खारवट. चर काढून गोड पाण्याने धुऊन निघते. पण सोडा वाढला की चिकणमातीचे कण सुटे होतात, भेगा बुजतात, पाणी मुरत नाही. ही चोपण जमीन. सामू साडेआठच्या वर गेला की चोपणाचा संशय धरावा. तिथं नुसतं पाणी सोडून धुवायला गेलात तर ती आणखी आवळते. जिप्सम लागतं, तेही निचऱ्याची सोय आधी करून; नाहीतर सुटलेला सोडा जाणार कुठं? ताग-धैंचा गाडला की माती हळूहळू मोकळी होते.

या दोन्ही जमिनी डोळ्यांना सारख्याच वाटू शकतात, इलाज मात्र वेगळे. म्हणून खोडवा तुटला की लागणीआधी माती तपासून घ्या. पांढरं फुटलेल्या जागेची माती चांगल्या मातीत मिसळू नका. वेगळ्या पिशवीत भरा, वर गट नंबर लिहा, आणि बोअरचं पाणी स्वच्छ बाटलीत सोबत द्या.