भुरीला दाद न देणारी भांग

मुलगी म्हणते, मला भांगेच्या रोपांवर संशोधन करायचंय. आईवडिलांच्या पोटात गोळा येणारच. पण रोगाला दाद न देणारे वाण तयार करणं हे पैदासकारांचं जुनंच काम, आणि भांग हे त्यातलं एक पीक.

अमेरिकेत 2018च्या शेती कायद्याने हेंपची, म्हणजे नशा आणणारं टीएचसी 0.3 टक्क्यांपलीकडे नसलेल्या भांगेची, लागवड खुली झाली. रोपं हरितगृहांत दाटीने वाढू लागली तशी भुरी, म्हणजे पानांवर पांढरी पूड धरणारी बुरशी, आली. नाशिकच्या बागायतदाराला ती काय चीज आहे ते सांगायला नको. द्राक्षावर निदान फवारता येतं. इथे फुलं हाच माल, त्यावर औषधाचा अंश चालत नाही. मग प्रतिकार रोपाच्या अंगातच हवा. 2021 मध्ये अमेरिकी संशोधकांनी हेंपमध्ये भुरीला रोखणारं ‘पीएम 1’ हे जनुक शोधलं.

प्रत्यक्ष काम चिकाटीचं आहे. रोगट पानावरची पांढरी पूड निरोगी रोपांवर झटकायची, काही दिवसांनी पान न् पान पाहून गुण द्यायचे, तगलेली रोपं पुढच्या संकराला घ्यायची. भांगेत नर-मादी झाडं सहसा वेगळी. मादी झाडावर चांदीच्या क्षाराचं द्रावण फवारलं की त्यालाच नरफुलं येतात आणि त्या परागातून जवळजवळ सगळी मादी रोपं मिळतात. (मला तरी ही युक्ती कुठल्याही जादूपेक्षा भारी वाटते.) एकाच जनुकावर विसंबलं तर बुरशी आज ना उद्या त्याला वळसा घालते. गव्हाच्या तांबेऱ्याने हे पूर्वीच शिकवलंय. तांबेऱ्यावरचं संशोधन केंद्र आपल्या महाबळेश्वरातच आहे.

आता आपल्याकडचा कायदा. 1985च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायद्यानुसार परवान्याशिवाय भांगेचं एक रोप लावणंही गुन्हा आहे. ‘कुंडीत प्रयोग केला’ ही सबब चालत नाही. उत्तराखंडने 2018 मध्ये हेंप लागवडीला परवाना दिला, जम्मूच्या सीएसआयआर संस्थेत औषधी भांगेवर काम चालतं. एवढ्या मोजक्या दारांच्या भरवशावर करिअर आखू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

बारावी विज्ञान, सीईटी, मग राहुरी, अकोला, परभणी किंवा दापोली विद्यापीठाची बीएस्सी कृषी. पुढे एमएस्सीला वनस्पती पैदासशास्त्र घ्यावं, आणि वनस्पती रोगशास्त्र व संख्याशास्त्र टाळू नये. हात गव्हावर, सोयाबीनवर बसू द्या. नोकरीसाठी जालन्याच्या बियाणे कंपन्या आहेत, कृषी संशोधन सेवेची परीक्षा आहे. मात्र एक वाण यायला आठ-दहा वर्षं सहज जातात. दर सहा महिन्यांनी निकाल हवा असेल त्याने दुसरी शाखा पाहावी.

तरीही भांगच हवी असेल तर पीएचडीला बाहेर जावं. न्यूयॉर्क राज्यातल्या जिनिव्हा इथे कॉर्नेल विद्यापीठाचं हेंप पैदासीचं काम चालतं आणि अमेरिकी सरकारचा हेंप बियाण्यांचा संग्रहही तिथेच आहे. अर्जासोबत भांगेचा अनुभव नसला तरी अडत नाही, तांबेऱ्यावरचा नीट केलेला प्रबंध पुरतो.