अंडं फोडून पाहणारा तत्त्वज्ञ

चि. मनू हिस,


अ‍ॅरिस्टॉटलच्या ‘मेटाफिजिक्स’चं सातवं पुस्तक डोक्यात शिरत नाही, म्हणून परीक्षेपुरत्या व्याख्या पाठ कराव्यात असं तू लिहितेस. तसं करू नकोस. ते पुस्तक जरा बाजूला ठेव आणि त्यानंच प्राण्यांवर लिहिलेला ग्रंथ उघड. सहाव्या भागात कोंबडीच्या अंड्याचं वर्णन आहे. तीन दिवस, तीन रात्री गेल्यावर पांढऱ्यात रक्ताचा एक ठिपका दिसतो. ते काळीज. ठिपका जिवंत असल्यासारखा उडत असतो. दहाव्या दिवशी सगळे अवयव ओळखू येतात. पिल्लू घडतं पांढऱ्यातून, पोसतं बलकावर, असं त्याचं म्हणणं. अंडी फोडून, नीट बघून लिहिलेलं आहे हे.

आता यामागचा पेच बघ. पार्मेनिडीस म्हणाला होता, जे नाही त्यातून काही निपजत नाही, म्हणून बदल खरा नव्हेच. (इथे घाईनं शंकराचार्यांकडे धावू नकोस. पार्मेनिडीसच्या काव्यातली देवी मोक्षाचं बोलत नाही. माझा युक्तिवाद बुद्धीनं पारखून घे, म्हणते.) प्लेटोनं न बदलणारं सत्य वस्तूंपासून वेगळं काढलं. अ‍ॅरिस्टॉटल इ.स.पू. ३६७ मध्ये, सतराव्या वर्षी, प्लेटोच्या अकादमीत आला आणि वीसेक वर्षं राहिला. इतकं जवळून शिकूनही त्यानं विचारलं: कोंबडीचं कोंबडीपण या पिल्लाबाहेर असेल, तर ते इथे, या अंड्यात, काम कसं करतं?

मग द्रव्य हेच खरं मानावं का? लांबी, रुंदी, खोली, सगळे गुण काढून टाक, असं तो ‘मेटाफिजिक्स’च्या त्या सातव्या पुस्तकाच्या तिसऱ्या प्रकरणात सांगतो. उरतं त्याला ‘हे अमुक’ असं म्हणताच येत नाही. सतराव्या प्रकरणात तो अक्षराचा दाखला देतो: ‘ब्’ आणि ‘अ’ सुटे केले की ‘ब’ हे अक्षर उरत नाही, दोन्ही ध्वनी मात्र उरतात. म्हणजे घटकांखेरीज आणखी काही आहे, आणि ते आणखी एक घटक नव्हे; त्यालाच तो स्वरूप म्हणतो. मला हा सगळ्या ग्रंथातला सर्वांत बळकट युक्तिवाद वाटतो.

तेव्हा आधी सतरावं प्रकरण वाच, मग तिसरं. वाचताना एक प्रश्न मनात धर: हे स्वरूप सगळ्या कोंबड्यांचं एकच, की प्रत्येकीचं आपापलं? अभ्यासक यावर अजून भांडतात. तुला काय वाटतं ते कारणांसकट लिही.

तुझा,
मामा