संकेतस्थळावरील मराठी अक्षर : फॉन्टचे दोष व त्यांवरील उपाय

शासनाची योजना कितीही हितकारक असली, तरी ती ज्याच्यासाठी आखली त्याला तिची माहिती वाचता आली नाही, तर योजनेचा हेतू अपुराच राहतो. दवंडी, चावडीवरील फलक आणि छापील पत्रके या जुन्या साधनांना आता संकेतस्थळाची जोड मिळाली आहे. सोयगाव किंवा कन्नड तालुक्यातील पंचायत सदस्य आज अर्जाची मुदत भ्रमणध्वनीवर पाहतो. अशा वेळी पडद्यावर अक्षरांऐवजी रिकाम्या चौकटी दिसल्या, जोडाक्षरे तुटली किंवा पान बराच वेळ कोरे राहिले, तर दोष वाचणाऱ्याचा नसतो. तो बहुधा फॉन्टचा, म्हणजेच अक्षरवळणाच्या संगणकीय संचाचा असतो. हा दोष ओळखावा कसा व दूर करावा कसा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. संकेतस्थळ तयार करणे हे तज्ज्ञांचे काम असले, तरी त्यावरील मजकुराची जबाबदारी कार्यालयाची असते. म्हणून हा विषय अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांनीही समजून घेणे अगत्याचे आहे.

खिळ्यांपासून फॉन्टपर्यंत

जावजी दादाजी यांच्या निर्णयसागर छापखान्याने देवनागरीचे सुबक खिळे पाडून मराठी मुद्रणाला वळण लावले, हे सर्वश्रुत आहे. त्या काळी जुळाऱ्यापुढच्या खणांत जोडाक्षरांसह शेकडो खिळे असत. एखादा खिळा नसला, की ते अक्षर हलन्त देऊन छापावे लागे. संगणकावरील फॉन्ट हाही एक प्रकारे खिळ्यांचा खणच आहे. फरक इतकाच, की येथे छापखाना वाचकाच्या हातात असतो. संकेतस्थळाने केवळ मजकूर पाठवला आणि वाचकाच्या यंत्रात योग्य खिळे नसले, तर अक्षर उमटत नाही किंवा भलतेच उमटते. म्हणून मजकुराबरोबर खिळेही पाठवण्याची पद्धत रूढ झाली. यालाच ‘वेब फॉन्ट’ म्हणतात.

प्रारंभी प्रत्येक फॉन्ट-निर्माता अक्षरांना आपापले क्रमांक देत असे. परिणामी एका फॉन्टमध्ये टंकलिखित केलेला मजकूर दुसऱ्यात उघडला, की रोमन अक्षरांची अर्थहीन रांग दिसे. १९९७ नंतर इंटरनेट एक्सप्लोरर या ब्राउझरसाठी मजकुराबरोबर फॉन्ट पाठवण्याची सोय झाली आणि भारतीय भाषांतील अनेक संकेतस्थळांनी तिचा आश्रय घेतला. पण ती सोय त्या एका ब्राउझरपुरतीच होती आणि १५ जून २०२२ रोजी त्याच्या अखेरच्या आवृत्तीचा आधारही बहुतांशी थांबला. त्या पद्धतीची जी पाने शिल्लक आहेत, ती आज वाचता येत नाहीत.

यावर खरा उपाय म्हणजे युनिकोड. १९९१ पासूनच्या या जागतिक संकेतप्रणालीत देवनागरीच्या मुख्य विभागासाठी १२८ स्थाने आहेत. नोव्हेंबर २००९ मध्ये केंद्र शासनाने ई-प्रशासनासाठी युनिकोड हे प्रमाण म्हणून अधिसूचित केले. मजकूर युनिकोडमध्ये असेल, तर फॉन्ट न पोचल्यासही यंत्रातील अन्य देवनागरी फॉन्ट त्याची जागा घेतो. आपल्या महाराष्ट्राचे अक्षरतज्ज्ञ प्रा. र. कृ. जोशी यांनी घडवलेला ‘मंगल’ हा विंडोजमधील फॉन्ट ही कामगिरी अनेक वर्षे करीत आला आहे. म्हणून फॉन्टच्या दुरुस्तीची पहिली पायरी म्हणजे आपला मजकूर युनिकोडमध्ये आहे याची खात्री करणे ही होय.

दोषाचा शोध

फॉन्टविषयीची तक्रार आली, की प्रथम तिचे स्वरूप निश्चित करावे. ब्राउझरमध्ये एफ-१२ ही कळ दाबल्यावर तपासणीची चौकट उघडते. तीत ‘नेटवर्क’ या शीर्षकाखाली पानाबरोबर मागवलेली प्रत्येक फाइल, तिचा आकार व लागलेला वेळ दिसतो. त्यावरून पुढील चार प्रकार वेगळे करता येतात.

(१) फाइल सापडलीच नाही. अशा वेळी ४०४ हा क्रमांक दिसतो. फाइलचा पत्ता चुकलेला असतो किंवा नावातील रोमन अक्षरांच्या लहान-मोठ्या रूपांत फरक असतो. लिनक्स सर्व्हर हा फरक मानतो. विंडोज संगणक सहसा मानत नाही. त्यामुळे कार्यालयातील यंत्रावर बरोबर चाललेले पान सर्व्हरवर चढवल्यावर बिघडते.

(२) फाइल आली, पण ब्राउझरने ती नाकारली. फॉन्ट दुसऱ्या सर्व्हरवरून येत असेल, तर त्या सर्व्हरने तशी परवानगी कळवावी लागते. तसेच पान सुरक्षित ‘एचटीटीपीएस’ पद्धतीचे असून फॉन्टचा पत्ता जुन्या ‘एचटीटीपी’ पद्धतीचा राहिला असेल, तरी फॉन्ट अडवला जातो.

(३) फॉन्ट लागू झाला, पण अक्षरे मोडकी आहेत. हा प्रकार देवनागरीत विशेष आढळतो. त्याचा विचार पुढे केला आहे.

(४) सर्व ठीक आहे, पण विलंब होतो. हा वेगाचा प्रश्न आहे.

मराठीच्या खास अडचणी

युनिकोडमध्ये जोडाक्षर साठवले जात नाही, त्याचे घटक साठवले जातात. ‘क्ष’ हे अक्षर ‘क’, हलन्त आणि ‘ष’ असे तीन संकेत मिळून होते; त्यांचे एक रूप करण्याचे नियम फॉन्टच्या आत असतात. फाइल लहान करण्यासाठी फॉन्ट कातरताना हे नियम गळाले, की ‘क्ष’ उमटत नाही, हलन्त उघडा पडतो. इंग्रजीसाठी ही कातरणी निर्धोक असते. देवनागरीसाठी ती जाणत्या हाताने व नियम शाबूत ठेवूनच करावी. अक्षरे जोडण्या-तोडण्यासाठी वापरली जाणारी दोन अदृश्य चिन्हे आणि २०१० साली युनिकोडमध्ये समाविष्ट झालेले रुपयाचे चिन्ह यांचीही आठवण ठेवावी. अनुदानाच्या रकमेमागे रुपयाऐवजी चौकट दिसणे शासकीय पानाला शोभत नाही.

मराठीतील ‘ऱ्य’ व ‘ऱ्ह’ ही रूपे तर अधिकच नाजूक आहेत. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोल भाग. ‘आचार्यास’ दिलेली दक्षिणा आणि ‘आचाऱ्यास’ दिलेला पगार या भिन्न गोष्टी होत. जुन्या मजकुरात हे रूप बहुधा अदृश्य जोडचिन्हाच्या साहाय्याने लिहिलेले असते. मजकूर एका प्रणालीतून दुसरीत नेताना ते चिन्ह गळाले, की ‘शेतकऱ्यांना’ या शब्दाचे ‘शेतकर्यांना’ होते. शासकीय पानावर सर्वाधिक येणारे शेतकरी, कर्मचारी, अधिकारी हे शब्दच अनेकवचनात विद्रूप व्हावेत, ही उपेक्षणीय बाब नव्हे.

‘ल’ आणि ‘श’ यांचाही विचार आवश्यक आहे. राज्य शासनाने २००९ साली प्रमाणित केलेल्या व २०२२ साली अद्ययावत केलेल्या मराठी लिपीत पाकळीयुक्त ‘ल’ व देठयुक्त ‘श’ आहेत. अनेक फॉन्टांत मराठी व हिंदी अशी दोन्ही वळणे असतात. पण पानाची भाषा मराठी आहे असे सांकेतिक अक्षरांनी (‘एम-आर’) नमूद केले नसेल, तर ब्राउझर हिंदी वळण उमटवतो. केवळ एका शब्दाच्या नोंदीने होणारी ही दुरुस्ती आहे.

याशिवाय तीन पथ्ये पाळावीत. अक्षरांमधील अंतर कृत्रिम रीतीने वाढवू नये. त्यामुळे शिरोरेषा तुटते. ओळींमधील अंतर इंग्रजीपेक्षा अधिक ठेवावे; अन्यथा वेलांटी, रेफ व उकार कापले जातात. आणि ठळक अक्षरांसाठी फॉन्टचे खरे ठळक रूप पाठवावे. ते नसल्यास ब्राउझर अक्षर फुगवतो व त्यातील पोकळ्या बुजतात.

वेगाचा प्रश्न

जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टची फाइल रोमनपेक्षा बरीच मोठी असते. ग्रामीण भागात संपर्क मंद असल्यास हा भार जाणवतो. त्यावरील उपाय असे : फाइल ‘वॉफ-टू’ या संकुचित स्वरूपात ठेवावी, हे स्वरूप १ मार्च २०१८ रोजी जागतिक प्रमाण म्हणून मान्य झाले असून आजचे सर्व प्रमुख ब्राउझर ते जाणतात. गरजेपुरतीच रूपे पाठवावीत. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने घडवलेल्या ‘मुक्त’ या फॉन्टची जाडीनुसार सात रूपे आहेत; पण परिपत्रकाच्या पानाला साधे व ठळक अशी दोन पुरतात.

फॉन्ट येईपर्यंत अनेक ब्राउझर सुमारे तीन सेकंद मजकूर दडवून ठेवतात. ‘फॉन्ट-डिस्प्ले’ या सूचनेपुढे ‘स्वॅप’ असे लिहिले, की यंत्रातील फॉन्टमध्ये मजकूर तत्काळ दिसतो व नवा फॉन्ट आल्यावर अक्षरे बदलतात. आधी मजकूर, मग त्याचा साज, हाच क्रम लोकोपयोगी माहितीला योग्य आहे. तसेच एकदा आलेली फाइल वाचकाच्या यंत्रात वर्षभर जपून ठेवण्याची सूचना सर्व्हरने द्यावी. म्हणजे पुढील भेटीत ती पुन्हा मागवावी लागत नाही.

फॉन्ट कोठे ठेवावा ?

२०१० पासून गूगलने फॉन्ट विनामूल्य पुरवण्याची सेवा सुरू केली. एका संकेतस्थळासाठी आलेला फॉन्ट दुसऱ्या संकेतस्थळालाही उपयोगी पडतो, हा तिचा एक लाभ मानला जाई. परंतु वाचकाच्या खाजगीपणासाठी ब्राउझरांनी प्रत्येक संकेतस्थळाचा साठा वेगळा केला. क्रोमने २०२० च्या अखेरीस व फायरफॉक्सने जानेवारी २०२१ मध्ये. तेव्हापासून तो लाभ उरला नाही. शिवाय बाहेरून फॉन्ट मागवताना वाचकाच्या संगणकाचा पत्ता त्या कंपनीकडे जातो. जर्मनीतील म्युनिक येथील न्यायालयाने २० जानेवारी २०२२ रोजी याच कारणास्तव एका संकेतस्थळाच्या चालकास १०० युरोंची भरपाई देण्यास सांगितले. ‘मुक्त’, ‘बलू’, ‘नोटो सान्स देवनागरी’ यांसारखे फॉन्ट खुल्या परवान्याचे असल्याने ते आपल्याच सर्व्हरवर ठेवता येतात. सार्वजनिक संस्थेने हाच मार्ग पत्करणे इष्ट होय.

तपासणीचा एक सोपा पाठ

नवे पान प्रसिद्ध करण्यापूर्वी काही निवडक शब्द त्यावर लिहून पाहावेत. यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. आपल्या जिल्ह्यातील नावेच उत्तम कसोटी आहेत. ‘छत्रपती’ मधील ‘त्र’, ‘सिल्लोड’ मधील दुहेरी ‘ल’, ‘फुलंब्री’ मधील अनुस्वार, जोडाक्षर व वेलांटी, ‘वेरूळ’ मधील ‘रू’ आणि ‘ळ’, ‘म्हैसमाळ’ मधील अर्धा ‘म’ व दोन मात्रा ही सर्व नीट उमटली, तर फॉन्ट बहुतांशी योग्य समजावा. त्यांत ‘शेतकऱ्यांना’, ‘सर्वेक्षण’, ‘श्री’ आणि रुपयाचे चिन्ह यांची भर घालावी. ही तपासणी कार्यालयातील संगणकावर, साध्या भ्रमणध्वनीवर आणि मंद संपर्कावर अशी तिन्ही ठिकाणी करावी. शिक्षकांनी हा पाठ वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांकडून करवून घेतल्यास जोडाक्षरांचा अभ्यास व संगणकाचा परिचय दोन्ही साधतील.

पंचायत सदस्यांनीही आपल्या गावाविषयीचे पान अधूनमधून उघडून पाहावे आणि दोष आढळल्यास ब्राउझरचे नाव व पडद्याचे छायाचित्र यांसह संबंधित कार्यालयास कळवावे. ‘पान दिसत नाही’ एवढ्या तक्रारीवरून तज्ज्ञाला फारसा बोध होत नाही. कोणता शब्द कोठे मोडला हे कळले, की दुरुस्ती त्वरेने होते. मराठी ही आपली राजभाषा आहे. तिचे अक्षर कागदावर जितके शुद्ध असावे, तितकेच ते पडद्यावरही असले पाहिजे. त्यासाठी मोठ्या खर्चाची नव्हे, तर नियमित देखरेखीची आवश्यकता आहे.